सातवा ठोकळा

भंडारा रोड जिथे रिंग रोडला भिडतो
तिथे माझी लॅब : पत्र्याचा कंटेनर, एक कूलर,
पाण्याची टाकी, आणि एक यंत्र
ज्याला दाबण्यापलीकडे काही येत नाही.

रात्री अकराला रॅम्प सी वर काँक्रीट पडतं.
मे महिन्यात दिवसा ओतलं तर ते गाडीतच आळतं,
म्हणून कळमन्याकडून बर्फाच्या लाद्या येतात
आणि मिक्सरच्या पोटात गडगडत विरघळतात.
प्रत्येक ओतणीतून मी सहा ठोकळे भरते,
गुळाच्या भेलीएवढे, आठ-आठ किलोचे.
ओल्या अंगावर खिळ्यानं तारीख कोरते.
तीन फोडायचे सातव्या दिवशी,
तीन अठ्ठाविसाव्या.
आकडा लिहायचा. खाली सही : करिश्मा शेंडे.

समोर जुना पूल कापताहेत.
हिऱ्याची तार फिरते, पाणी राखाडी होऊन वाहतं,
आणि क्रेनला लटकलेला गर्डर खाली येतो
गाभण म्हैस टेम्पोतून उतरवावी तसा,
हळू,
चार माणसं चारही बाजूंनी ओरडत.

त्याच्या सावलीत नत्थूजी बोपचेंचं पंक्चरचं दुकान होतं.
आता सावली नाही.
दीड वर्षात बॅरिकेड पाचदा सरकलं
आणि पाचदा सरकले ते : काँप्रेसर, पाण्याचं घमेलं,
टायरांचा मनोरा, बसायचा दगड.
"दगड नोहे मॅडम थो," परवा म्हणाले,
"तुमच्याच गोताचा हाय. पाहा."
उलटा केला. ग्रीसच्या थराखाली
१९-२-९१, खांब सात.
इंग्रजी सात, पोटात आडवी रेघ.
मीही तशीच काढते.

सहाच भरायचे असतात. हा सातवा असावा.
उरलेला माल कोणी साच्यात ढकलला असेल
आणि फोडायचा राहून गेला असेल
तेहेतीस वर्षं, एका माणसाच्या बुडाखाली.

"फोडून पाहा ना," नत्थूजी म्हणाले,
"पण मले बसायले दुसरा द्या."

यंत्रात ठेवला. काटा चढत गेला.
कागदावर तेव्हा मागितले होते पंचवीस.
पंचवीस गेले, तीस गेले,
चाळीसला मी हात मागे घेतला,
सत्तेचाळीसला आधी बारीक करकर
आणि मग एकदाच, मोठ्यानं.

साहेबांना आकडा दाखवला. ते फोनवर होते.
फोन छातीशी धरून म्हणाले,
पूल कमजोर कुठे होता?
पूल अरुंद होता.

डबा उघडला आणि तसाच ठेवला.
मिल बंद झाली तेव्हा बाबांना
हे एवढं तरी कोणी सांगायला हवं होतं.
ते मरेपर्यंत स्वतःचे हात
उलटेसुलटे करून बघत बसायचे.

फुटलेल्या ठोकळ्याचा डमरू होतो,
मध्ये बारीक, वर-खाली रुंद.
नत्थूजींच्या नातवानं तो नेला.
त्यावर बसता येत नाही.

काल रात्री सहा ठोकळे भरले.
बर्फवाला हिशेब मागत होता,
जबलपूरच्या ट्रकांची रांग हॉर्नवर हात ठेवून उभी,
डायव्हर्जनचा बाण वाऱ्यानं भलतीकडे फिरला होता
आणि एक वऱ्हाड, बँडसकट, कापसीला निघालेलं
आमच्या गेटात शिरलं होतं.
त्या गोंधळात मी सातवा साचा पुढे ओढला.
तारीख कोरली. रजिस्टरात नाही लिहिला.

टाकीत आहे तो आता, अठ्ठावीस दिवस.
तोवर नत्थूजी ऑइलच्या डब्यावर बसतील.
सकाळी येऊन पाण्यात वाकून पाहून गेले.
"थोडा उंच भरता नसता आला?
गुडघे लय दुखून राह्यले."

साचा एकाच मापाचा असतो, नत्थूजी.